डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप क्रॉनवर कसा बसवावा: नव्या सर्व्हर प्रशासकांसाठी मार्गदर्शक

सर्व्हरची जबाबदारी नव्याने अंगावर आली की पहिले स्वतंत्र काम बहुधा हेच मिळते: डेटाबेसचा रोज रात्री बॅकअप निघेल अशी व्यवस्था करून द्या. ही व्यवस्था बहुधा क्रॉनवर बसवतात. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. काम तासाभराचे दिसते आणि ते तासाभरात उरकताही येते. अडचण अशी की असा घाईने बसवलेला बॅकअप बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. वेबसाइट बंद पडली की पाच मिनिटांत फोन वाजतो. बॅकअप बंद पडल्याचा फोन मात्र थेट डेटा गेल्यानंतरच येतो आणि तोवर महिने उलटलेले असू शकतात. म्हणून स्क्रिप्ट कशी लिहावी याच्याइतकाच भर या लेखात ती चालली नाही हे तुम्हाला कसे कळेल यावर दिला आहे.

सर्व्हर उबंटू किंवा डेबियनचा आणि डेटाबेस मायएसक्यूएल आहे असे धरून पुढचे सारे लिहिले आहे. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना जिथे वेगळे वागावे लागते तिथे तसे सांगितले आहे. आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची.

हाताशी काय असावे

- सर्व्हरवर एसएसएचने शिरण्याची सोय आणि सुडोचे अधिकार.
- केवळ बॅकअपसाठी काढलेला डेटाबेसचा स्वतंत्र वापरकर्ता. त्याला सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर, इव्हेंट आणि लॉक टेबल्स हे अधिकार पुरतात. मायएसक्यूएल ८.०.२१ पासून प्रोसेस हा अधिकारही मागितला जातो. तो द्यायचा नसेल तर डम्प (डेटाबेसमधली सगळी माहिती उतरवलेली फाइल) काढताना नो-टेबलस्पेसेस हा पर्याय जोडावा.
- बॅकअपची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळी जागा: दुसरा सर्व्हर किंवा क्लाउडवरील स्टोअरेज.
- रिस्टोअर करून (बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करून) पाहण्यासाठी एक रिकामे मशीन. जुना डेस्कटॉपही चालतो.
- शेलचेक हे साधन. स्क्रिप्टमधल्या नेहमीच्या चुका ते ओळ क्रमांकासह दाखवते.
- वरिष्ठांकडून ईमेलवर घेतलेली तीन उत्तरे: किती दिवसांचे बॅकअप ठेवायचे, किती तासांचा डेटा गेला तर चालेल, आणि काम अडले तर निरोप कुणाला द्यायचा.

यादीतले शेवटचे कलम कंटाळवाणे वाटते आणि नवी मंडळी तेच टाळतात. पण "किती तासांचा डेटा गेला तर चालेल" या प्रश्नाला "अर्धा तास" असे उत्तर आले, तर रात्री एकदा निघणारा डम्प त्या कामाला अपुरा आहे आणि तुम्हाला बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची सलग नोंद) किंवा रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळवली जाणारी दुसरी प्रत) यांचा विचार करावा लागेल. हे स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी कळलेले बरे.

१. सर्व्हरचे घड्याळ पाहा

क्लाउडवर घेतलेला सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. टाइमडेटसीटीएल हा आदेश दिल्यावर तो कोणत्या वेळेवर आहे ते दिसते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, पहाटे २ ला बॅकअप निघावा म्हणून तुम्ही तासाच्या जागी २ लिहिलेत तर तो सकाळी साडेसातला निघेल. दुकाने, दवाखाने किंवा शाळा यांच्या सॉफ्टवेअरवर त्या वेळी काम सुरू झालेले असते. पहाटे २ हवे असतील तर यूटीसी घड्याळात आदल्या दिवशीचे २०:३० लिहावे लागतात.

"आदल्या दिवशीचे" या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. सोमवारी पहाटेचा साप्ताहिक बॅकअप यूटीसीत रविवारी पडतो. दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ ला चालणारे काम यूटीसीत आधीच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला पडते. ती तारीख २८, २९, ३० किंवा ३१ यांपैकी कोणतीही असू शकते, आणि क्रॉनच्या साध्या पाच रकान्यांत "महिन्याची शेवटची तारीख" लिहिण्याची सोयच नाही.

सर्व्हर एकच असेल आणि सगळे वापरकर्ते भारतात असतील तर त्याचा वेळ-विभाग आशिया-कोलकाता करून टाकावा, असे माझे मत आहे. तो बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे, नाहीतर क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो. सर्व्हर अनेक असतील, किंवा काही परदेशातून वापरले जात असतील, तर यूटीसी तसाच राहू द्यावा आणि क्रॉनच्या प्रत्येक ओळीच्या वर टिप्पणी म्हणून भारतीय वेळ लिहावी. घड्याळ आपोआप जुळवले जात आहे की नाही हेही त्याच आदेशातून दिसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या सर्व्हरशी जुळवलेली असावी लागतात आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. जुन्या फायली पुसणारी स्क्रिप्ट लिहिताना हा १८० चा आकडा लक्षात असू द्या.

२. फोल्डर आणि पासवर्ड यांची व्यवस्था लावा

बॅकअपचे फोल्डर डेटाबेसच्या फायली असलेल्या पार्टिशनवर करू नये. तिथे ते असले तर डम्प वाढत वाढत डिस्क भरतो आणि बॅकअपमुळेच चालता डेटाबेस बंद पडतो. डीएफ आदेशाला एच पर्याय देऊन मोकळी जागा पाहा. आय पर्याय देऊन इनोडही (फायलींच्या नोंदींसाठीच्या मोजक्या जागा) पाहा, कारण लहान लहान फायलींचा खच पडला की जागा मोकळी असूनही "जागा शिल्लक नाही" असा संदेश येतो. फोल्डरचे अधिकार ७०० ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला युमास्क ०७७ लिहा, म्हणजे नव्या फायली इतरांना वाचता येणार नाहीत. डेटाबेसला कितीही कुलुपे लावली तरी त्याचा डम्प सगळ्यांना वाचता येत असेल तर त्या कुलुपांचा उपयोग नाही.

पासवर्ड कधीही आदेशाच्या ओळीत लिहू नये. पीएस आदेशाने चालू प्रक्रियांची यादी काढणाऱ्या कुणाच्याही नजरेस तो पडू शकतो, शिवाय शेलच्या इतिहासातही उरतो. मायएसक्यूएलसाठी होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी माय.सीएनएफ ही फाइल करावी, तिच्यात क्लायंट या विभागाखाली वापरकर्ता आणि पासवर्ड लिहावा आणि तिचे अधिकार ६०० ठेवावेत. पोस्टग्रेससाठी पीजीपास ही फाइल असते. तिचे अधिकार ६०० पेक्षा सैल असले तर पोस्टग्रेस ती फाइल विचारातच घेत नाही.

३. आदेश आधी हाताने चालवून पाहा

स्क्रिप्टच्या आधी मायएसक्यूएलडम्प हा आदेश स्वतः टर्मिनलवर चालवा. तीन पर्याय न विसरता द्यावेत. पहिला सिंगल-ट्रान्झॅक्शन: याने डम्प सुरू झाला त्या क्षणीचे सुसंगत चित्र मिळते आणि टेबले अडकून राहत नाहीत. मात्र तो इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू पडतो, जुन्या मायआयसॅम टेबलांना नाही. आणि डम्प चालू असताना कुणी टेबलाची रचना बदलली तर हे चित्र बिघडते. दुसरा रूटीन्स आणि तिसरा इव्हेंट्स. ट्रिगर डम्पमध्ये आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि इव्हेंट (डेटाबेस ठरल्या वेळी स्वतः चालवतो ती कामे) मागितल्याशिवाय येत नाहीत. सगळा डेटा परत आला आणि बिलाची बेरीज करणारी प्रोसीजरच आली नाही, हा अनुभव घेण्यासारखा नाही.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मायएसक्यूएल ५.७ आणि त्याआधीचे मायएसक्यूएलडम्प काहीच न सांगितल्यास तीन बाइटांपर्यंतचा यूटीएफ-८ वापरते. देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावते, त्यामुळे नावे, पत्ते आणि वर्णने व्यवस्थित येतात आणि सगळे ठीक आहे असा समज होतो. इमोजीला चार बाइट लागतात, म्हणून ग्राहकांच्या प्रतिक्रियांमधल्या प्रत्येक इमोजीच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट या पर्यायात यूटीएफ८एमबी४ असे स्पष्ट लिहावे. ८.० आवृत्तीत ते मुळातच तसे आहे, तरीही लिहिलेले बरे, कारण डम्प काढणारे मशीन नेहमी नव्या आवृत्तीचेच असेल असे नाही.

डम्प निघाल्यावर टेल आदेशाने फाइलचा शेवट पाहा. काम पूर्ण झालेले असेल तर शेवटच्या ओळीत डम्प पूर्ण झाल्याची टिप्पणी आणि वेळ दिसते. ती नसेल तर फाइल कितीही मोठी असो, ती अर्धवट समजावी. ही ओळ आपल्याला स्क्रिप्टमध्येही तपासायची आहे.

४. स्क्रिप्ट लिहा

पहिल्या ओळीत #! या चिन्हांनंतर बॅशचा पूर्ण मार्ग लिहावा. उबंटू आणि डेबियनवर एसएच या नावामागे बॅश नसून डॅश नावाचे आटोपशीर शेल असते आणि बॅशच्या पुष्कळ सोयी त्याला ठाऊक नाहीत. म्हणून स्क्रिप्ट "एसएच स्क्रिप्टचे नाव" अशी चालवू नये. तसे केले की पहिली ओळ कुणी वाचतच नाही.

दुसऱ्या ओळीत सेट आदेश लिहून ई, यू आणि पाइपफेल ही तीन बंधने घालावीत.

ई या बंधनामुळे एखादा आदेश फसला की स्क्रिप्ट तिथेच थांबते. ते सर्वत्र लागू होत नाही. इफच्या अटीत चालवलेला आदेश फसला तर स्क्रिप्ट पुढे जाते, त्यामुळे त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये.

यू मुळे, ज्याला मूल्यच दिलेले नाही असा व्हेरिएबल वापरला की स्क्रिप्ट थांबते. हे किती महत्त्वाचे आहे ते २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरील स्टीम या गेमच्या प्रोग्रॅमने दाखवून दिले. त्याच्या स्क्रिप्टमध्ये "अमुक फोल्डर, तिरपी रेघ आणि त्यातले सगळे" पुसण्याचा आदेश होता. काही परिस्थितीत फोल्डरचे नाव ठेवणारा व्हेरिएबल रिकामा राहिला, उरली ती नुसती तिरपी रेघ, आणि वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फायली पुसल्या गेल्या. तिथे मूल्य न दिलेला नव्हे तर रिकामे मूल्य मिळालेला व्हेरिएबल होता, आणि रिकामे मूल्य यू ला चालते. म्हणून पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह ही जोडी लिहावी. मूल्य नसले काय किंवा रिकामे असले काय, दोन्ही वेळा स्क्रिप्ट तिथेच थांबते.

पाइपफेल हे सर्वांत दुर्लक्षित आणि बॅकअपसाठी सर्वांत मोलाचे. डम्प थेट जीझिप या फाइल आवळणाऱ्या आदेशाला पाइपने (एका आदेशाचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीने) जोडण्याची पद्धत सर्रास आहे. अशा जोडणीत शेल फक्त शेवटच्या आदेशाचा निकाल पाहते. पासवर्ड बदलल्यामुळे मायएसक्यूएलडम्प पहिल्याच क्षणी फसला तरी जीझिप आपल्याला मिळालेले "काहीच नाही" इमानाने आवळते आणि यशस्वी झाल्याचे सांगते. फोल्डरात रोज नव्या तारखेची फाइल पडत राहते. ती असते २० बाइटांची. जुन्या सर्व्हरचा ताबा घेताना बॅकअपच्या फोल्डरात एलएस देऊन आकारांचा स्तंभ आधी पाहा. सलग २० दिसले तर पुढचे काम काय आहे ते वेगळे सांगायला नको.

यानंतरचा क्रम असा ठेवा आणि तो बदलू नका:

अ) फ्लॉक आदेशाने एन पर्यायासह कुलूप घ्या. कालचेच काम अजून चालू असेल तर आजचे सुरूच होऊ नये.

आ) डम्प तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये काढा.

इ) तपासा: जीझिपला टी पर्याय देऊन फाइल अखंड आहे ना, शेवटची ओळ आहे ना, आणि आकार किमान अपेक्षेइतका आहे ना.

ई) सगळे ठीक असेल तरच एमव्हीने तारखेचे खरे नाव द्या. एकाच पार्टिशनवर नाव बदलणे एका झटक्यात होते, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल कधीही अर्धवट असत नाही.

उ) दुसऱ्या जागी प्रत पाठवा.

ऊ) सर्वांत शेवटी जुन्या फायली पुसा.

पुसणे शेवटी का, हे उघड आहे: नवा बॅकअप निघाला नाही त्या दिवशी जुनाही पुसला जाऊ नये. पुसणे आधी घातलेल्या स्क्रिप्ट मी पुष्कळ पाहिल्या आहेत. डम्प फसत राहतो, फाइंड मात्र रोज आपले काम चोख करतो, आणि आठवड्याभरात फोल्डर रिकामे होते. फाइंडचा हिशोबही समजून घ्या. एमटाइम +७ याचा अर्थ सात दिवसांहून जुने, पण फाइंड अपुरा दिवस मोजत नाही, त्यामुळे फाइल पूर्ण आठ दिवसांची झाल्याखेरीज पुसली जात नाही. सुरुवातीचे काही दिवस डिलीटच्या जागी प्रिंट लिहून नुसती यादी पाहावी.

स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून सर्व्हरवर चढवली असेल तर ओळींच्या शेवटी न दिसणारे एक जादा चिन्ह येते, आणि बॅश समोर असूनही "इंटरप्रीटर सापडत नाही" अशा अर्थाचा चमत्कारिक संदेश मिळतो. डॉसटूयुनिक्स हा आदेश त्यावर इलाज आहे. तसेच व्हॉट्सअॅपवर किंवा वर्डमध्ये पाठवलेला आदेश जसाच्या तसा चिकटवू नका. सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, दोन आखूड रेघांची एक लांब रेघ होते, आणि डोळ्यांना काहीच वेगळे जाणवत नाही. शेवटी स्क्रिप्ट शेलचेकमधून काढा आणि त्याने दाखवलेली प्रत्येक ओळ समजून घेऊनच दुरुस्त करा.

५. क्रॉनमध्ये ओळ घाला

उबंटू-डेबियनवरील क्रॉन हा पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वंशज आहे आणि त्याच्या खोडीही तितक्याच जुन्या आहेत.

क्रॉनटॅबला ई पर्याय दिला की संपादनासाठी फाइल उघडते. आर दिला की सगळी क्रॉनटॅब पुसली जाते, तीही काही न विचारता. कीबोर्डवर ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आहेत. म्हणून संपादनापूर्वी एल पर्यायाने सध्याची यादी एखाद्या फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची सवय लावून घ्या.

ओळीतले पाच रकाने मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार असे असतात. वारात ० आणि ७ दोन्ही रविवारच. तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर क्रॉन त्यांची "आणि" अशी नव्हे तर "किंवा" अशी सांगड घालतो. तारखेत १ आणि वारात १ लिहिले तर काम महिन्याच्या एक तारखेलाही चालेल आणि दर सोमवारीही. मिनिटाच्या जागी ० टाळावे. सगळ्या जगाची कामे पूर्ण तासालाच लावलेली असतात, तुमची १७ किंवा ४३ मिनिटांनी लावा.

"हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही" ही तक्रार तुमच्या तोंडी लवकरच येणार आहे. त्याचे कारण जवळजवळ नेहमी पाथ (आदेश कोणत्या फोल्डरांत शोधायचे याची यादी) हे असते. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल तुमच्या प्रोफाइलमधून बरेच काही उचलते. क्रॉन त्यातले काहीही उचलत नाही आणि त्याचा पाथ आखूड असतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाथ स्वतः लिहावा, किंवा प्रत्येक आदेशाचा पूर्ण मार्ग द्यावा.

दुसरी खोड टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनच्या ओळीत % आला की क्रॉन तिथे ओळ तोडतो आणि पुढचा मजकूर आदेशाला इनपुट म्हणून देतो. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी डेट आदेशाला % लागतोच, त्यामुळे सगळा आदेश थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिणारे इथे हमखास अडकतात. % च्या आधी उलटी तिरपी रेघ घालून सुटका होते, पण त्यापेक्षा क्रॉनटॅबमध्ये केवळ स्क्रिप्टचा मार्ग लिहावा आणि बाकी सगळे स्क्रिप्टमध्ये ठेवावे.

काही जण क्रॉनटॅबऐवजी ईटीसीमधील क्रॉन.डेली या फोल्डरात स्क्रिप्ट टाकतात. तिथे फाइलच्या नावात टिंब असले तर डेबियन-उबंटूवर ती फाइल चालवलीच जात नाही. म्हणजे "बॅकअप.एसएच" नाही चालत, नुसते "बॅकअप" चालते. कुठेही त्रुटी दिसत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. रन-पार्ट्सला टेस्ट हा पर्याय देऊन त्या फोल्डरातले काय काय चालणार आहे ते आधीच पाहता येते.

क्रॉनच्या वेळी सर्व्हर बंद असेल तर ते काम बुडते. क्रॉन नंतर भरपाई करत नाही. ती हवी असेल तर सिस्टिमडीचा टायमर वापरून पर्सिस्टंट हा पर्याय चालू करावा.

६. काम झाले नाही याचा निरोप मिळेल असे करा

स्क्रिप्टने छापलेले सारे क्रॉन मेलने पाठवतो, असे पुस्तकात वाचायला मिळते. प्रत्यक्षात नव्या सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नसतो आणि क्रॉन ते छापलेले टाकून देतो. मेल जात असला तरी तो पोहोचेलच असे नाही.

सोर्स कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचे प्रकरण या बाबतीत मुळातून समजून घेण्यासारखे आहे, आणि त्यांनी ते स्वतःच सविस्तर जाहीर केले. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचे फोल्डर पुसले. बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी. त्यांचा पीजी-डम्प (पोस्टग्रेसचा डम्प काढणारा आदेश) ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस ९.६ चा होता. आपल्याहून नव्या डेटाबेसचा डम्प काढायला पीजी-डम्प नकार देतो, त्यामुळे तो रोज फसत होता. क्रॉन फसल्याचे मेलही जात होते. पण त्या मेलना डीमार्क या मेलची सत्यता तपासणाऱ्या व्यवस्थेची पूर्तता नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी एकाने हाताने काढलेला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) होता म्हणून नुकसान तेवढ्या तासांवर निभावले.

यातून काढण्याची पद्धत अशी की "फसलो तर कळवीन" असे काम स्क्रिप्टवर सोपवू नये. स्क्रिप्टने यश कळवावे, आणि यशाचा निरोप ठरल्या वेळेत आला नाही तर दुसऱ्या कुणीतरी ओरडावे. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत कर्लने एका पत्त्यावर टिचकी मारायची. हेल्थचेक्स किंवा अपटाइम कुमा यांसारखी साधने त्या टिचकीची वाट पाहतात आणि ती आली नाही की तुम्हाला कळवतात. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे आणि ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. फक्त ती ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच सर्व्हरवर बसवू नयेत.

बाहेरचे साधन वापरायला परवानगी नसेल तर दुसऱ्या सर्व्हरवर सकाळी आठला चालणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. सर्वांत नव्या बॅकअपचे वय २४ तासांपेक्षा जास्त आहे का, आणि त्याचा आकार कालच्यापेक्षा बराच कमी आहे का, एवढेच तिने पाहायचे. डेटाबेस सहसा एका रात्रीत निम्मा होत नाही.

७. दुसरी प्रत बाहेर ठेवा

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेरच्या जागी: छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा ३-२-१ चा नियम अजूनही पुरेसा आहे. प्रत पाठवायला आरसिंक वापरत असाल तर उगमाच्या फोल्डरापुढची तिरपी रेघ नीट पाहा. रेघ असली तर फोल्डरातल्या फायली जातात, नसली तर फोल्डरच जाते. डिलीट हा पर्याय बॅकअपच्या प्रतीसाठी वापरूच नका. उगमाचे फोल्डर काही कारणाने रिकामे झाले तर तो दूरची प्रतही तितक्याच तत्परतेने रिकामी करेल.

शक्य असेल तिथे मुख्य सर्व्हरने प्रत ढकलण्यापेक्षा बॅकअपच्या सर्व्हरने ती ओढून घ्यावी. मुख्य सर्व्हरवर कुणी घुसखोरी केली, तर तिथल्या किल्ल्या वापरून बॅकअप पुसता येऊ नयेत हा त्यामागचा हेतू. क्लाउडवर ठेवत असाल तर दिलेल्या किल्लीला लिहिण्याचाच अधिकार असावा, पुसण्याचा नसावा, आणि फाइल जीपीजीने कूटबद्ध करून पाठवावी. ती उघडण्याची खासगी किल्ली मुख्य सर्व्हरवर ठेवू नका. ठेवलीत, तर सर्व्हर गेल्यावर बॅकअप हातात असून उघडता येणार नाही.

८. रिस्टोअर करून पाहा

रिकाम्या मशीनवर डेटाबेस बसवा आणि कालचा बॅकअप त्यात ओता. घड्याळ लावून वेळ मोजा, कारण डम्प काढायला लागतो त्यापेक्षा तो परत भरायला सहसा बराच जास्त वेळ लागतो. इंडेक्स नव्याने बांधावे लागतात. "पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागेल" असे संकटाच्या वेळी विचारले जाईल तेव्हा हाच आकडा सांगायचा असतो.

भरून झाल्यावर टेबलांची संख्या जुळते का, सर्वांत शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे, प्रोसीजर आल्या आहेत का, हे पाहा. मराठी नाव असलेली एखादी नोंद आणि इमोजी असलेली एखादी प्रतिक्रिया उघडून डोळ्यांनी वाचा. व्ह्यू चालवून पाहताना "डिफायनर अस्तित्वात नाही" अशी तक्रार आली तर घाबरू नका: डम्पमध्ये डेटाबेस आला, पण डेटाबेसचे वापरकर्ते आले नाहीत. ते वेगळे काढून ठेवावे लागतात, आणि ते अजून काढलेले नाहीत हे समजण्याची जागा हीच. नंतर ॲप्लिकेशनची चाचणी-प्रत या डेटाबेसला जोडून लॉगिन होते का ते बघा. ही उजळणी निदान दर तिमाहीला करावी आणि तिची तारीख कॅलेंडरमध्ये टाकावी. डेटाबेसची आवृत्ती बदलली की तिमाहीची वाट न पाहता लगेच करावी.

९. पुढच्या माणसासाठी एक पान लिहा

या पानावर इतके असावे: स्क्रिप्ट कुठे आहे, ती कोणत्या वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधून चालते (रूटच्या की वेगळ्या, हे शोधण्यात लोकांचा पुष्कळ वेळ जातो), वेळ यूटीसी की भारतीय, बॅकअपच्या प्रती कुठे कुठे जातात, खासगी किल्ली कुणाकडे आहे, शेवटचे रिस्टोअर कधी केले व त्याला किती वेळ लागला, आणि रिस्टोअरचे आदेश जसेच्या तसे, क्रमाने. पासवर्ड या पानावर लिहू नयेत. ते कोणत्या पासवर्ड व्यवस्थापकात आहेत तेवढे लिहावे. पान ज्या सर्व्हरबद्दल आहे त्याच सर्व्हरवरच्या विकीत ते ठेवू नका. छापील प्रत काढून ऑफिसच्या फायलीत लावली तरी चालेल, फक्त स्क्रिप्ट बदलली की ती प्रतही बदला आणि जुनी फाडून टाका.